सिस्टरांच्या शाळेत लेकराला टाकावं का? एका आईला सविस्तर उत्तर

दारव्हा तालुक्यातल्या एका आईचा प्रश्न आहे. मुलगी यंदा पहिलीला जाईल. गावात जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा आहे आणि चार किलोमीटरवरच्या मोठ्या गावात सिस्टरांची कॅथलिक प्राथमिक शाळा आहे. नवऱ्याला इंग्रजी पाहिजे. सासऱ्यांना वाटतं, तिथं पोरीचा धर्म बदलवतील. आणि तिला स्वतःला, शिक्षण अर्धवट सुटल्यामुळे, त्या शाळेच्या ऑफिसात उभं राहायचीच धास्ती वाटते. दिवसभर तिथं नेमकं काय चालतं आणि आईबापाकडून काय अपेक्षा असते, ते सांगा, असं तिनं विचारलंय.

ताई, मी ख्रिस्ती नाही. माझी जवळपास सगळी नोकरी अमरावती आणि यवतमाळ जिल्ह्यांतल्या कॅथलिक शाळांच्या प्राथमिक विभागात झाली, त्यातही बहुतेक पहिली-दुसरीवर. त्यामुळे आत काय चालतं ते सांगू शकते. पण तुमची स्वतःची धास्ती तुम्ही सगळ्यात शेवटी लिहिली आहे आणि मला सुरुवात तिच्यापासूनच करायची आहे.

पहिलीतलं लेकरू शाळेत रुळतं की बुजून बसतं, हे शाळेच्या नावावर फार कमी ठरतं. त्याच्या घरचं माणूस शाळेत किती सहज येऊन बोलतं, यावर ते जास्त ठरतं. बाजाराच्या दिवशी डोक्यावर गाठोडं घेऊन जाताना फाटकाशी थांबून ‘मॅडम, पोट्टी वाचते का जी?’ एवढंच विचारणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. त्यांना स्वतःला वाचता येत नव्हतं, पण त्यांच्या मुली वाचायला लागल्या. कारण त्या प्रश्नानंतर मी वर्गात त्या मुलीकडे दोनदा जास्त पाहायची, आणि मुलीलाही कळायचं की घरचे आणि मॅडम एकमेकांशी बोलतात. उलट, फी वेळेवर भरून वर्षभर तोंड न दाखवणाऱ्या घरांतली हुशार पोरं मागं पडताना पाहिली आहेत. चर्चची स्वतःची भूमिकाही हीच आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे जगभरातल्या कॅथलिक बिशपांच्या सभेनं, २८ ऑक्टोबर १९६५ ला शिक्षणाविषयी जे घोषणापत्र काढलं, त्यात आईवडिलांना मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक म्हटलंय. शाळा त्यानंतर येते. तेव्हा तुम्ही त्या ऑफिसात जाल, ते मुलीची पहिली शिक्षिका म्हणून जाल.

ऑफिसात बसलेली सिस्टर बहुधा केरळची, झारखंडची किंवा छत्तीसगडची असेल. तिनं मराठी मोठेपणी शिकलेली असते आणि वऱ्हाडी तर आमच्यासारख्यांकडून आणि पोरांकडून. ‘काऊन नाई आला रे काल?’ असं विचारणाऱ्या मल्याळी सिस्टर मी पाहिल्या आहेत. या भागात हे नवं नाही. नागपूरचा धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपाच्या हाताखालचा भाग, १८८७ चा; त्यातून १९५५ मध्ये अमरावतीचा वेगळा झाला. आपला यवतमाळ जिल्हा त्याच अमरावती धर्मप्रांतात येतो. चंद्रपूर-वर्ध्याकडे तर १९६२ पासून केरळच्या सिरो-मलबार या कॅथलिक परंपरेचे फादर काम करतात. बाहेरून येऊन इथली बोली शिकायची, हे त्यांच्या कामातच आहे. तुमच्या बोलीची लाज वाटून तुम्ही गप्प राहिलात, तर त्यांची अडचण वाढते. कळलं नाही तर त्या विचारतात, पुन्हा सांगा.

आता सासऱ्यांचं. त्यांची शंका उडवून लावू नका, नीट उत्तर द्या. शाळेत रोज परिपाठात प्रार्थना होते, ती येशूचं किंवा परमेश्वराचं नाव घेऊन होते, हे खरं आहे. आवारात मारियामातेची गुहा असेल, वर्गात क्रूस असेल. मुलगी येता-जाता हात जोडेल, कारण सगळेच जोडतात. हे आधीच माहीत असावं, नंतर धक्का बसायला नको. पण धर्मशिक्षण, म्हणजे ख्रिस्ती मुलांना त्यांच्या धर्माचे जे धडे देतात, ते फक्त कॅथलिक मुलांचे असतात. त्या तासाला बाकीची मुलं दुसऱ्या वर्गात मूल्यशिक्षणाला बसतात. तिथं खरं बोलणं, वाटून खाणं, जनावरांशी कसं वागावं, अशा गोष्टी चालतात. आपल्या खेड्यांतल्या अशा शाळांत कॅथलिक मुलं मूठभरच असतात. वर्गात कुणबी, तेली, बंजारा, बौद्ध, मुसलमान, कोलाम, सगळ्या घरांची लेकरं बसतात.

कायदाही स्पष्ट आहे. संविधानाच्या कलम ३० नुसार अल्पसंख्याकांना आपली शाळा काढून चालवायचा हक्क आहे. आणि कलम २८ नुसार सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या कुठल्याही शाळेत विद्यार्थ्याला धार्मिक शिक्षण किंवा उपासनेला बसायची सक्ती करता येत नाही. मूल लहान असेल तर आईबापाची संमती लागते. बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती धर्मात घ्यायचा विधी, ही शाळेची बाबच नाही, ती चर्चची आहे, आणि चर्चच्या स्वतःच्या नियमातही लहान लेकराला बाप्तिस्मा द्यायचा तर आईबापापैकी किमान एकाचा होकार लागतो. २०२४ मध्ये भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेनं आपल्या शाळांना लेखी सूचना दिल्या: परिपाठात संविधानाची उद्देशिका रोज म्हणावी, ती दर्शनी भागात लावावी, आणि इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती परंपरा लादू नयेत. सासऱ्यांना सोबत न्या, त्यांनाच विचारू द्या. म्हाताऱ्या माणसानं समोर बसून विचारलेल्या प्रश्नाला सिस्टर मनापासून उत्तर देतात, हा माझा अनुभव आहे. आणि एखादी शाळा उत्तर टाळते आहे असं वाटलं, तर तुमची शंका तुमच्याजवळ ठेवा आणि दुसरी शाळा पाहा.

इथंच एक सावधगिरी. आपल्याकडे गल्लीगल्लीत कॉन्व्हेंट आहेत. नावात ‘सेंट’ आणि ‘कॉन्व्हेंट’ असलं म्हणून मागे सिस्टर असतातच असं नाही. शाळा कोण चालवतं, धर्मप्रांत की सिस्टरांची संस्था की आणखी कुणी, हे विचारा. त्यासोबत शाळेचा अकरा आकडी यूडायस क्रमांक (सरकारी नोंदीतला शाळेचा क्रमांक) आणि मान्यता कितवीपर्यंत आहे, तेही विचारा.

दिवस कसा जातो ते सांगते. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकीच्या महाराष्ट्रानंतर, जून सरताना उघडतात. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा शासनाचा २०२४ चा निर्णय आहे. पण मार्च-एप्रिलच्या उन्हात सकाळची शाळा लागते आणि वेळा बदलतात, त्या तेव्हा विचारून घ्या. परिपाठात राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, उद्देशिका, प्रार्थना, दिनविशेष, आणि एक मूल काहीतरी सांगतं. ‘काहीतरी सांगणं’ मला फार मोलाचं वाटतं. पहिलीतली मुलगी शंभर लोकांपुढे उभी राहून ‘आमच्या गाईले वासरू झालं’ एवढं वाक्य बोलली की तिचा त्या शाळेवरचा हक्क तयार होतो. चांगल्या सिस्टर तिथं तिचं ‘गाईले’ दुरुस्त करत नाहीत.

पहिलीचा वर्ग चांगला चालतो की नाही, हे ओळखायची माझी खूण अशी: भिंतीवर काय लावलंय ते पाहा. विकतचे चकचकीत तक्तेच असतील, तर मला शंका येते. मुलांनी काढलेली चित्रं आणि त्यांच्याच तोंडची वाक्यं मोठ्या अक्षरांत लिहून लावली असतील, तर तिथं वाचन शिकवलं जातंय. लहान मूल आधी स्वतःचं बोलणं कागदावर पाहतं, मग दुसऱ्याचं वाचतं. आमच्याकडे एखादी मुलगी ‘मी बाबासंग वावरात गेली’ म्हणाली की मी ते तसंच फळ्यावर लिहायची. ती ते लगेच ‘वाचायची’, कारण ते तिचंच होतं. मग त्यातला ‘ब’ शोधायचा, ‘वा’ शोधायचा, ‘ब’ आणखी कुठं येतो ते शोधायचं. ‘वावरात’ शेजारी ‘शेतात’ पुढच्या आठवड्यात यायचं. बंजारा किंवा कोलाम घरातल्या मुलांसाठी याला वेळ जास्त लागतो, कारण त्यांच्यासाठी मराठी हीच शाळेची भाषा असते. त्यांना दिवाळीपर्यंत नुसतं ऐकू आणि बोलू द्यावं लागतं. घाई करणाऱ्या शाळेत ही मुलं पाठ केलेल्या ओळी धडाधडा म्हणतात आणि पान उलटलं की अडकतात.

गणितही असंच. तुरीचे दाणे, चिंचोके, सरकी यांचे दहा-दहाचे ढीग करायचे, दहा काड्यांची जुडी बांधायची. दशक म्हणजे काय ते हाताला कळलं पाहिजे. दुसरीत आम्ही वर्गात बाजार भरवायचो. अर्धा किलो वांगी, पाव किलो मिरच्या, पन्नासची नोट, उरले किती. बाजारात आईसोबत बसणारी पोरं तिथं सगळ्यांच्या पुढे असायची. वहीतल्या वजाबाकीला बुजणारी मुलगी सुटे पैसे चुटकीसरशी परत द्यायची, आणि मग तोच हिशोब वहीत उतरवून दाखवला की तिच्या चेहऱ्यावर जे यायचं, त्यासाठी मी ही नोकरी केली.

तुमच्या नवऱ्याच्या इंग्रजीबद्दल थोडं कठोर बोलते. इंग्रजी माध्यम असलं म्हणजे इंग्रजी येतंच, असं होत नाही. खेड्यातल्या इंग्रजी माध्यमात मला सगळ्यात जास्त दिसलेला रोग म्हणजे सुंदर अक्षरात उतरवून काढणं. वही भरलेली, लाल बरोबरच्या खुणा, आणि मुलाला त्यातलं एक वाक्य कळत नाही. तिसरीनंतर परिसर अभ्यास आणि गणिताची भाषा अवघड होते, तेव्हा हे उघडं पडतं, आणि तोवर मराठीही कच्ची राहिलेली असते. म्हणून शाळा दाखवायला नेतील तेव्हा दुसरीच्या वर्गात एका मुलाला, त्यानं आधी न पाहिलेलं पुस्तकाचं पान वाचायला सांगा, अशी विनंती करा. वाचून त्यात काय आहे ते त्यानं आपल्या बोलीत सांगितलं, तर शाळा शिकवते. मुलांनी मराठी बोलल्यावर दंड घेणारी शाळा असेल, तर मी माझं लेकरू तिथं टाकणार नाही. २०२० च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या माध्यमांच्या आणि मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं केलंय, तेव्हा मराठीचे तास खरंच होतात का, हेही विचारा. तुमच्या त्या गावची शाळा मराठी माध्यमाची किंवा सेमी-इंग्रजी असेल, तर नवऱ्यानं नाक मुरडू नये. तो पाया जास्त पक्का असतो.

घरी तुम्ही इंग्रजी बोलायची काहीही गरज नाही. शाळेतून आल्यावर तिला वऱ्हाडीत सगळं सांगू द्या: कोण पडलं, कोण रडलं, कोणती गोष्ट झाली. मध्ये तोडू नका. एसटीची पाटी, रेशनचं कार्ड, खताच्या पोत्यावरची अक्षरं तिला ओळखायला लावा. वही तपासता येत नसेल तर तिलाच म्हणा, ‘हे मले समजावून सांग.’ जे तिला समजावता येत नाही, तेच तिला आलेलं नाही, आणि तेवढंच दुसऱ्या दिवशी मॅडमला सांगायचं. एवढं केलंत तर अशा घरांत शिकवणीची गरज पडत नाही.

जेवणाचं विचारून घ्या. पहिली ते आठवीच्या मुलांना शाळेत शिजलेलं जेवण मिळतं ते सरकारी आणि अनुदानित शाळांत. २०२१ पासून त्या योजनेला पीएम पोषण म्हणतात. सिस्टरांची शाळा अनुदानित असेल तर खिचडी मिळेल, विनाअनुदानित असेल तर डबा द्यावा लागेल. डब्याबद्दल एक सांगते. भाकर-ठेचा द्यायला लाजू नका. आम्ही वर्गात गोलात बसून जेवायचो आणि आपल्या डब्यातलं थोडं झाकणात काढून मध्ये ठेवायची पद्धत होती, ज्याला जे हवं ते त्यानं घ्यायचं. कुणाच्या हातचं कुणी खावं, हा प्रश्न घराघरांत अजून जिवंत असलेल्या गावांमधली ही लेकरं एका झाकणातून खायची. यावरून घरून तक्रार घेऊन आलेले पालकही होते. सिस्टर त्यांना दुपारच्या सुट्टीत बोलवायच्या आणि आपल्या शेजारी बसवायच्या. मी पाहिलेल्या सगळ्या शिकवण्यांत ही मला सर्वांत मोठी वाटते.

शाळेचं वर्ष सणांनी बांधलेलं असतं आणि तिथं गाव शाळेत येतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लाकडी बैल सजवून आणायचे, रांग लावायची, सिस्टर बक्षिसं देणार. १५ ऑगस्टला झेंडावंदन असतंच, आणि कॅथलिकांसाठी तो मारियामातेच्या स्वर्गारोहणाचाही सण असतो, त्यामुळे सकाळी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे त्यांची सामुदायिक उपासना, आणि मग मैदानात झेंडा. ५ सप्टेंबरला शिक्षकदिन आणि मदर तेरेसांचा स्मृतिदिन. ८ सप्टेंबरला मारियामातेचा जन्मदिवस, त्याआधी नऊ दिवस मुलं परसातली फुलं आणतात. १४ ऑक्टोबरला आमच्या शाळेत धम्मचक्र प्रवर्तनाविषयी मुलंच बोलायची, कारण निम्म्या वर्गाचे आजी-आजोबा दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाऊन आलेले असायचे. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, त्या दिवशी आयांना बोलवायचं.

नाताळची गव्हाणी, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा, मात्र खेड्यातली पोरं जशी करतात, तशी शहरात होत नाही. येशू गोठ्यात जन्मला, म्हणजे गोठा करायचा, आणि गोठा तर यांना घरचा माहीत. कुणी कडबा आणतं, कुणी कुटार, मातीचे बैल वळले जातात, दावणीला बांधले जातात. गाईचं तोंड बाळाकडे असलं पाहिजे, म्हणजे तिच्या श्वासानं ऊब लागेल, हे मला एका गवळ्याच्या पोरानं शिकवलं. बर्फ म्हणून विकतचा चकचकीत कागद लावायची कुठंकुठं पद्धत आहे. आमच्याकडे त्या दिवसांत घरोघरी कापूस असायचा, तोच पसरायचा. संध्याकाळी आईबाप पाहायला यायचे आणि बैलांच्या खांद्यांवर चर्चा करायचे. सासऱ्यांना त्या दिवशी नक्की न्या.

नाताळानंतर काही आठवड्यांनी चाळीस दिवसांचा उपवासकाळ येतो, ईस्टरच्या आधी. कॅथलिक मुलं त्या काळात काहीतरी सोडतात आणि त्यातून शिल्लक राहिलेलं दुसऱ्याला देतात. आम्ही ते सगळ्या शाळेसाठी खुलं ठेवलं होतं, ज्याला वाटेल त्यानं मूठभर धान्य आणायचं. पोत्यात ज्वारी, तूर, गहू सगळं एकत्र पडायचं, मग चौथीच्या मुली ते निवडायच्या. ते कुणाला जातं, हे मुलांना सांगितलं जात नसे. ते न सांगणंही त्या शिकवणीचाच भाग होता.

आता एक अवघड गोष्ट, पण आपल्या जिल्ह्यात ती टाळून चालत नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्या झालेल्या घरांतली लेकरं आमच्या वर्गांत बसली आहेत. असं मूल तेराव्यानंतर शाळेत परत येतं, तेव्हा काय करायचं, याची एक रीत तिथल्या सिस्टरांनी घालून दिली होती आणि ती मला आजही योग्य वाटते. मूल यायच्या आदल्या दिवशी वर्गाशी बोलायचं: उद्या तो येईल, त्याला विचारायचं नाही, त्याच्यासोबत खेळायचं. परिपाठात नाव घ्यायचं नाही, डोक्यावरून हात फिरवून सगळ्यांसमोर रडायचं नाही. त्याचं रोजचं काम, म्हणजे फळा पुसणं किंवा घंटा देणं, त्यालाच द्यायचं. सिस्टर आणि वर्गशिक्षिका घरी जायच्या, एकदा नव्हे, वर्षभर जात राहायच्या, आणि घरात जाऊन फार काही बोलायच्या नाहीत. बाईसोबत बसायच्या, विहिरीवरून पाणी आणायला मदत करायच्या, कुठला कागद अडलाय ते विचारायच्या. फीचा विषय ऑफिसातच मिटायचा, मुलाच्या कानावर जायचा नाही. एक मुलगा कित्येक महिने चित्रात फक्त विहीर काढायचा. आम्ही त्याला दुसरं काढ म्हटलं नाही. पुढच्या पावसाळ्यात त्यानं विहिरीशेजारी एक झाड काढलं. त्याच्या आईला मी ते दाखवायला घेऊन गेले होते.

याच कारणानं मी शाळा निवडताना पालकांना सांगते, निकालाचे फलक पाहू नका. मागच्या वर्षी शिक्षिका किती घरी जाऊन आल्या, ते विचारा.

वर्गातलं शिकणं घरापर्यंत पोचतं तेव्हा ते कामाचं असतं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. त्यानंतर आमच्या तिसरीच्या परिसर अभ्यासात एक काम ठरून गेलं: घरी फवारणीचा पंप कुठं ठेवतात, औषधाच्या रिकाम्या बाटल्यांचं काय करतात, फवारून आल्यावर बाबा कपडे कुठं काढतात, हे पाहून यायचं आणि वर्गात सांगायचं. लेकरांनी बापाला ‘तोंडाले बांधल्याशिवाय जाऊ नका’ म्हटलेलं बाप ऐकतो. कृषी सहायकानं सांगितलेलं तो ऐकेलच असं नाही.

अपेक्षांबद्दल विचारलंत. पहिली अपेक्षा हजेरीची, आणि इथं दोन्ही बाजूंनी समजून घ्यावं लागतं. दिवाळीच्या आसपास कापूस वेचायला लागतो आणि वर्ग अर्धे होतात. लहानीला कुणाकडे ठेवायचं म्हणून मोठीला घरी ठेवलं जातं. पुढे हरभऱ्याच्या सोंगणीला पुन्हा तेच. मला घरची अडचण ठाऊक आहे. तरी पहिली-दुसरीच्या मुलीला ठेवू नका असं मी हात जोडून सांगते, कारण वाचनाची घडी याच महिन्यांत बसत असते आणि तीन आठवडे गेले की ती विस्कटते. अगदीच इलाज नसेल तर आधी सांगून ठेवा. सांगून ठेवलेल्या मुलीसाठी शिक्षिका शेजारच्या घरच्या मुलाकडून काम पाठवते. न सांगता गायब झालेल्या मुलीसाठी तिला काही करता येत नाही. पावसाळ्यात नाल्याला पूर आला तर मात्र पाठवूच नका, आणि चार किलोमीटरच्या ऑटोत किती पोरं कोंबतात ते स्वतः एक दिवस बसून पाहा.

दुसरी अपेक्षा पालकसभेची. खाजगी शाळांच्या फीसंबंधी राज्याचा २०११ चा कायदा आहे. त्याप्रमाणे प्रत्येक पालक हा पालक-शिक्षक संघाचा सभासद असतो, संघाची कार्यकारी समिती इच्छुक पालकांतून चिठ्ठ्या टाकून निवडतात आणि तिच्यात किमान निम्म्या बायका असाव्या लागतात. फी किती असावी हे त्या समितीपुढे येतं. तुम्ही तुमचं नाव चिठ्ठीत टाका. दहावीची अट त्याला नाही.

फी भरणं अवघड असेल तर एक गैरसमज आधीच दूर करते. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, पंचवीस टक्के मोफत जागांसाठी लोक कॅथलिक शाळेतही विचारतात. पण सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये निकाल दिला की २००९ चा तो कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू होत नाही. म्हणून त्या फॉर्मवर अशी शाळा दिसणार नाही. सवलत हवी असेल तर मुख्याध्यापिकेशी सरळ बोलावं लागतं. विहीर आटली, पीक बुडालं, घरात आजारपण आहे, जे असेल ते मोकळेपणी सांगा आणि प्रवेशाच्या वेळीच सांगा. वर्षाअखेर थकलेली फी घेऊन अपमान वाटून मूल काढून घेणारी घरं मी पाहिली आहेत. आधी बोलले असते तर बहुतेकांची सोय झाली असती.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी माझं मत देते. गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत एकदा जाऊन बसा. शिक्षक रोज वेळेवर येत असतील, पहिलीची मुलं हसत-बोलत असतील आणि तिसरीची मुलं न पाहिलेलं पान वाचत असतील, तर मुलीला चौथीपर्यंत तिथंच ठेवा आणि पाचवीला सिस्टरांकडे पाठवायचा विचार करा. तिथं वर्ग असतील तर. सहा वर्षांच्या लेकराला पायी जाता येणारी शाळा आणि दुपारी घरी दिसणारी आजी याची बरोबरी चार किलोमीटरवरच्या शाळेला करायची तर ती शाळा खरंच चांगली पाहिजे. गावची शाळा एका शिक्षकावर रडतखडत चालली असेल, तर मग सिस्टरांची शाळा निवडा आणि मनात किंतु ठेवू नका.

प्रवेश घ्यायचं ठरलं तर कागदांकडे लक्ष द्या. पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण होत असावीत. जन्माचा दाखला, आधार, असेल तर वडिलांचा जातीचा दाखला जवळ ठेवा. दाखल-खारीज रजिस्टरात नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जात आणि जन्मतारीख जशी लिहिली जाते, तशीच ती पुढे टीसीवर आणि जातीच्या दाखल्यावर जाते. नंतर एक वेलांटी बदलायची तर चकरा मारून जीव जातो. ऑफिसातली बाई लिहीत असताना समोर उभ्या राहा, लिहून झाल्यावर मोठ्यानं वाचून दाखवा म्हणा, आणि ऐकून मगच सही करा.